वेदीपासून शेवटच्या बाकापर्यंत

चर्चच्या कमिटीपुढे वर्षानुवर्षं एक तक्रार येत राहते : "मागं काही ऐकू येत नाही." मग वर्गणी निघते, मोठा अॅम्प्लिफायर येतो, भिंतीवरच्या दोन स्पीकरचे चार होतात. पुढच्याच रविवारी तक्रार बदलते : "आता ऐकू येतं, पण कळत नाही." या दोन तक्रारी एकसारख्या वाटल्या तरी त्यांचा आजार वेगळा आहे. ऐकू येणं हा आवाजाच्या ताकदीचा प्रश्न आहे आणि ताकद पैसे मोजून विकत मिळते. कळणं हा वेळेचा प्रश्न आहे. एक अक्षर विरण्याआधी दुसरं येऊन त्यावर आदळलं की दोन्ही हातची जातात. अशा वेळी आवाज वाढवला, तर पुढचं अक्षर जेवढं मोठं होतं तेवढंच मागच्या अक्षराचं रेंगाळणंही मोठं होतं.

कोरेगावच्या आसपास, म्हणजे सातारा-सांगली-मिरज या पट्ट्यात, चर्चच्या इमारती ढोबळमानानं तीन घराण्यांतल्या आहेत. पहिलं घराणं थंड हवेच्या ठिकाणी आलेल्या इंग्रजांचं. महाबळेश्वरचं ख्राइस्ट चर्च १८४२ मधलं. दुसरं मिशनऱ्यांचं. अमेरिकन मराठी मिशननं साताऱ्यात १८४९ पासून काम मांडलं. दक्षिणेला कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले, तर मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं. या कामाभोवती मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांची उपासनामंदिरंही. तिसरं घराणं अलीकडचं, स्लॅबचं किंवा पत्र्याचं : विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत टाइल्स. बांधणी कोणतीही असो, काळा पाषाण, गिलावा, शहाबादी फरशी, काच, पत्रा या साऱ्यांची एक सवय सारखी आहे. आवाज त्यांच्यावर पडला की तो जवळजवळ सगळाच्या सगळा परत येतो.

हे परत येणं मोजता येतं, हे जगाला दाखवलं ते हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये तिथल्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह झालं आणि पहिल्याच दिवसांत लक्षात आलं, की तिथं व्याख्यान देता येत नाही. वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद हवेत फिरत राहायचा. साध्या मराठी बोलण्यात सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज होतात, म्हणजे तेवढ्या वेळात वीस-पंचवीस अक्षरं एकमेकांवर चढणार. सबाइननं हातात घेतलेली साधनं फार साधी होती : ऑर्गनची एक नळी, थांबवायचं घड्याळ, स्वतःचे कान आणि शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या. रस्त्यावरची वर्दळ थांबली की मध्यरात्रीनंतर तो आणि त्याचे मदतनीस गाद्या उचलून आणायचे, थोड्या थोड्या मांडायचे, नळी वाजवून बंद करायचे आणि सूर विरेपर्यंतचा वेळ टिपायचे. उजाडण्याआधी गाद्या जागच्या जागी. अशा कित्येक रात्रींनंतर त्याला नियम सापडला : खोलीचं घनफळ जेवढं मोठं, तेवढा आवाज जास्त रेंगाळणार, आवाज पिणारा पृष्ठभाग जेवढा मोठा, तेवढा तो लवकर विरणार. मीटरच्या हिशेबात घनफळाला ०.१६१ नं गुणायचं आणि आवाज पिणाऱ्या एकूण चौरस मीटरनी भागायचं, की रेंगाळण्याचा काळ सेकंदांत मिळतो. सव्वाशे वर्षं झाली, तरी सभागृहाचा पहिला अंदाज आजही याच सूत्रानं काढतात.

हा हिशेब आपल्याकडच्या मध्यम चर्चवर करून पाहण्याजोगा आहे. वीस मीटर लांब, नऊ मीटर रुंद, सरासरी सात मीटर उंच अशी इमारत धरू. घनफळ १,२६० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून साडेसातशे चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग होतो, पण गिलावा आणि दगड त्यांच्यावर पडलेल्या आवाजातले शंभरातले दोन-तीन भागच पितात. लाकडी बाक, दारं, उघड्या खिडक्या धरून सगळं मिळून ३३ चौरस मीटरच्या आसपास 'पिणारी' जागा येईल. सूत्रात घातलं तर उत्तर येतं सहा सेकंद. आता दीडशे माणसं आत आणून बसवा. कपड्यांसकट एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटरचं काम करतो. पिणारी जागा शंभरावर जाते आणि सहा सेकंदांचे दोन होतात.

नाताळच्या सकाळी खच्चून भरलेल्या चर्चमध्ये उपदेश स्वच्छ कळतो आणि पाऊस-पेरणीच्या रविवारी, तीस माणसांत, तोच आवाज, तोच माईक असूनही काही उमगत नाही, याचं कारण हे आहे. दोष पाळकसाहेबांच्या उच्चारांना देण्याची रीत आहे. ती बहुतेक वेळा अन्यायाची असते.

मराठीच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण आपल्या वाक्याचा अर्थ शब्दाच्या शेपटीला बांधलेला असतो. 'देवानं', 'देवाला', 'देवाचा', 'देवाशी' : कोणी केलं, कोणासाठी केलं, कोणाचं आहे, हे सगळं शेवटच्या एका अक्षरावर. आणि बोलताना हेच अक्षर सर्वांत हलकं पडतं. आधीचा 'वा' ठसठशीत असतो, त्यातला 'आ' दगडी भिंतींवर घुमत राहतो आणि त्याच्या पोटात 'नं' किंवा 'ला' बुडून जातो. मागच्या बाकावरच्या आजीला 'देव' ऐकू येतो, पण त्यानं दिलं की त्याला दिलं, ते कळत नाही. 'ख' आणि 'क', 'थ' आणि 'त' यांतला फरकही हवेच्या एका फुंकरीचा असतो. तो वरच्या कंपनांत राहतो आणि त्या कंपनांत ताकद कमी असते. म्हणून मराठी उपासनेसाठी जागा तयार करायची तर रेंगाळण्याचा काळ एक ते दीड सेकंदाच्या आसपास आणायला हवा.

इथं एक आक्षेप ठरलेला असतो : चर्च म्हटल्यावर ते घुमायलाच हवं, त्याशिवाय पवित्र वाटत नाही. या आक्षेपामागं युरोपातल्या मोठ्या कॅथेड्रलांचा कान आहे. तिथं लॅटिन मंत्र संथ लयीत म्हटले जात, एक सूर दुसऱ्यावर पसरला तर तो गोडच लागे, आणि ऑर्गनला दोन सेकंदांहून जास्त घुमारा मानवतो. पण धर्मसुधारणेनंतर जिथं प्रवचन हा उपासनेचा कणा झाला, तिथं इमारतीही बदलल्या. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये ल्यूथरपंथीयांनी लाकडी सज्जे आणि बाकं भरली. ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ होप बॅगनल यांचं म्हणणं असं होतं, की त्या लाकडानं तिथला घुमारा पूर्वीच्या मानानं पुष्कळ आटला आणि म्हणूनच १७२३ ते १७५० या काळात तिथं काम करणाऱ्या संगीतकार बाखला इतकी झपाझप पलटणारी, गुंतागुंतीची रचना तिथं ऐकवता आली. लंडनमध्ये वास्तुकार ख्रिस्तोफर रेन यांनी १७११ मध्ये नव्या चर्चांसाठी आडाखा घालून दिला होता : साधारण आवाजाचा माणूस समोर पन्नास फूट, दोन्ही बाजूंना तीस फूट आणि पाठीमागं वीस फूट कळेल असा ऐकू जातो, तोही वाक्याचा शेवटचा शब्द न गिळता बोलला तर. चर्च केवढं असावं, याचं माप त्यांनी माणसाच्या आवाजावरून काढलं.

मराठी मंडळीचा वारसा तर आणखी निराळा आहे. अहमदनगरला कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी उपासनेत अभंग, ओवी आणि पदं आणली. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो साताऱ्यातच. त्यांची पदं आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून दर रविवारी गायली जातात, आणि त्यांच्या साथीला पेटी, तबला, झांजा असतात. तबल्याचा ठेका सहा सेकंद घुमणाऱ्या जागेत वाजवला की सम कुठं पडली ते गाणाऱ्यालाच कळत नाही. मागचे लोक अर्धा ठेका उशिरा गातात, पुढचे त्यांची वाट पाहतात आणि पद संथ होत होत बसतं. कीर्तन तर शब्दावरच उभं असतं. ऑर्गनसाठी घडलेला घुमारा टिळकांच्या पदावर लादण्यात काही भक्ती नाही. महाबळेश्वरच्या इंग्रजी चर्चला जे शोभतं ते कोरेगावच्या भजनाला शोभेलच असं नाही, आणि दुरुस्तीचा आराखडा करणाऱ्यानं सर्वांत आधी हेच विचारायला हवं, की इथं रविवारी प्रत्यक्षात काय म्हटलं जातं.

घुमाऱ्याखेरीज दुसरी एक व्याधी असते : आकाराची. सांगलीकरांना त्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. विजापूरचा गोल घुमट म्हणजे १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर. त्याच्या घुमटाखालच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेलं पार समोरच्या बाजूला ऐकू येतं आणि एक टाळी अनेकदा परत येते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२२ च्या आसपास लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलबरोबर या घुमटाचाही अभ्यास केला होता. आतून पोकळ गोल असलेला पृष्ठभाग आवाज गोळा करून एका जागी फेकतो. चर्चमध्ये वेदीमागची अर्धगोल भिंत, कमानदार छत, घुमटी हे सगळे त्याच जातीचे. त्यांच्यामुळे एखाद्या बाकावर आवाज अंगावर येतो आणि दोन बाकं सोडून तिसऱ्यावर पोहोचतच नाही. समोरासमोरच्या दोन सपाट, उघड्या भिंती असतील तर आणखी एक दोष दिसतो. मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला, तर टाळी त्या दोन भिंतींत चेंडूसारखी फिरते आहे. तिसरा दोष पाठच्या भिंतीचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वीस मीटरवरच्या मागच्या भिंतीला आपटून तो पुढच्या बाकापर्यंत परत यायला दहावा हिस्सा सेकंदाहून जास्त लागतो, आणि शब्द पन्नास हजारांश सेकंदांहून अधिक उशिरानं परत आला की कान त्याला वेगळा शब्द समजू लागतो. वेदीजवळ उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचंच बोलणं पाठीमागून ओढत असल्यासारखं वाटतं आणि तो नकळत अडखळतो.

उपायाची सुरुवात म्हणूनच पाठच्या भिंतीपासून करावी. ती पिणारी झाली की प्रतिध्वनीही जातो आणि घुमाराही उतरतो. आधीच्या हिशेबातल्या चर्चमध्ये ६० चौरस मीटर चांगले ध्वनिशोषक फलक बसवले, आणि त्यांनी पडलेल्या आवाजाचा ऐंशी टक्के भाग प्यायला, तर रिकाम्या चर्चचे सहा सेकंद अडीचवर येतात आणि भरलेल्याचे दोन सेकंद १.४ वर. नवा अॅम्प्लिफायर यांतलं काहीही करू शकत नाही.

पैसे खर्च करण्याआधी करून पाहण्यासारखी एक सोय प्रत्येक गावात आहे, ती म्हणजे मंडपवाला. त्याच्याकडून एका दिवसासाठी पन्नास-साठ गाद्या आणाव्यात आणि मागच्या भिंतीला, दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या मागच्या अर्ध्या भागाला उभ्या टेकवाव्यात. मग एकानं वेदीपाशी उभं राहून माईकविना शास्त्रपाठ वाचावा आणि बाकीच्यांनी शेवटच्या बाकांवर बसून ऐकावं. सबाइननं हार्वर्डमध्ये केलं ते याहून वेगळं नव्हतं. गाद्या ठेवून आणि काढून वाचन ऐकलं की कमिटीतला सर्वांत शंकेखोर माणूसही फलकांच्या खर्चाला हात वर करतो. शिवाय कोणत्या भिंतीनं जास्त फरक पडतो, हेही कळतं.

कायमच्या कामासाठी सामान पुष्कळ मिळतं : काचलोकर किंवा खनिज लोकरीचे कापड चढवलेले फलक, लाकडी तंतूंचे सिमेंटमध्ये दाबलेले बोर्ड, भोकांचं प्लायवूड आणि मागं लोकर, जाड दुपदरी पडदे. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला यातलं एक घराणं जवळचं वाटेल. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात सेलोटेक्स नावाच्या कंपनीनं साखर कारखान्यातल्या बगॅसपासून दाबून बोर्ड काढले आणि त्याला भोकं पाडून 'अॅकूस्टी-सेलोटेक्स' ही छताची फरशी विकायला आणली. चिपाडाच्या तंतूंत अडकलेली हवाच आवाज पीत होती. साताऱ्या-सांगलीच्या कारखान्यांबाहेर ज्याचे डोंगर दिसतात, तोच हा माल.

दोन गोष्टी मात्र ठामपणे टाळायला हव्यात. एक म्हणजे अंड्यांचे ट्रे. ते पातळ असतात आणि बोलण्यातले खालचे स्वर त्यांना जुमानत नाहीत. दुसरी म्हणजे पॅकिंगचा किंवा सोफ्याचा स्पंज. तो पेटला तर विषारी धूर सोडत क्षणात पसरतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात भिंतीवरच्या अशाच स्पंजानं आतषबाजीची ठिणगी घेतली आणि १०० माणसं गेली. ज्या जागेत मेणबत्त्या पेटतात, तिथं अग्निरोधक प्रमाणपत्र नसलेला एकही तुकडा भिंतीवर चढू नये. आमच्या डोंगरी पट्ट्यात ओलीचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात दगडी भिंत घाम गाळते. फलक थेट भिंतीला चिकटवले तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच बुरशी धरते आणि लाकडी चौकटीला वाळवी. भिंतीपासून पाच सेंटीमीटर अंतर ठेवून बसवले तर हवाही खेळती राहते आणि खालच्या स्वरांसाठी फलक जास्त काम करतात. जुन्या दगडी चर्चमध्ये खिळा-बोल्ट दगडात न मारता दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात मारावा. पुढं काढायची वेळ आली तर सांधा भरून निघतो, दगड भरून निघत नाही.

आणि अति करू नये. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या सेंट थॉमस चर्चसाठी सबाइन आणि कमानबांधणीत नाव कमावलेले ग्वास्ताविनो यांनी मिळून आवाज पिणारी खास मातीची फरशी तयार केली. १९१३ मध्ये चर्च पुरं झालं, उपदेश कळू लागला, पण गायन आणि ऑर्गन कोरडे पडले. पुढच्या पिढ्यांनी त्याच फरशीवर लेप चढवून तिची भोकं बुजवली. न्यूयॉर्कच्याच रिव्हरसाइड चर्चमध्येही अशा फरशीवर १९९० च्या दशकात लेप चढवावा लागला. मंडळीला स्वतःचं गाणं स्वतःला ऐकू यावं, शेजारच्याचा सूर आपल्या सुरात मिसळावा, एवढा घुमारा शिल्लक राहिलाच पाहिजे. तो गेला की माणसं हळूच गातात, मग गातच नाहीत. म्हणून पत्र्याची इमारत वगळता वेदीजवळचा भाग आणि बाकांवरचं छत कठीणच ठेवणं शहाणपणाचं, कारण तिथून येणारा पहिला परावर्तित आवाज शब्दाला बळ देतो.

घुमारा उतरवल्यावर उरतो तो गोंगाट. पंखे हा त्यांतला पहिला आरोपी. जुन्या पंख्यांची घरघर बोलण्याच्या खालच्या स्वरांवरच बसते. पत्र्याच्या चर्चमध्ये जून ते सप्टेंबर उपासना पावसाच्या मर्जीवर चालते. पत्र्याखाली लोकरीचा जाड थर आणि त्याखाली भोकांचं छत दिलं, तर पावसाचा मारा आणि आतला घुमारा दोन्ही एकाच खर्चात उतरतात. पत्र्याच्या इमारतीत एवढं एकच काम करायला पैसे असतील, तर हेच करावं.

आता यंत्रं. इथं १९५१ मधली लंडनची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चर्चमधल्या स्पीकरांची आजची बरीचशी समज तिथून निघाली. सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमारा अकरा सेकंदांच्या घरात. मोठ्या स्पीकरांनी तिथं काहीच साधलं नव्हतं. पार्किन आणि टेलर या दोन संशोधकांनी दोन कल्पना एकत्र आणल्या. एक, एका उभ्या पेटीत अनेक छोटे स्पीकर ओळीनं लावले तर आवाज वर-खाली पसरत नाही, बसलेल्या माणसांच्या उंचीवर आडवा पट्ट्यासारखा जातो. घुमटाकडे आवाज गेलाच नाही तर घुमटाला परत पाठवायला काही उरत नाही. दुसरी, जर्मनीत हेल्मुट हास यांनी नुकतंच सिद्ध केलेलं कानाचं एक वैशिष्ट्य. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा कान धरतो. दुसरा काही हजारांश सेकंदांनी मागं असेल तर तो मोठा असला तरी चालतो. त्यांनी मागच्या खांबांवरच्या स्पीकरांना चुंबकीय ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातून मुद्दाम उशीर दिला. मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द जवळच्या खांबातून स्पष्ट ऐकू येई, पण तो पुढून, वक्त्याच्या तोंडूनच येतोय असं वाटे.

त्या काळी या उशिरासाठी कपाटाएवढं यंत्र लागलं. आज हाताच्या पंजाएवढ्या डिजिटल पेटीत तो मिळतो. दर दहा मीटरला २९ हजारांश सेकंद, एवढाच हिशेब. तरीही गावोगावच्या चर्चमध्ये उंच कोपऱ्यात, छताकडे तोंड करून टांगलेले दोन मोठे स्पीकर दिसतात. त्यांचा अर्धा आवाज छताला दिलेला असतो.

स्पीकर जवळ आणि खाली का हवेत, याचंही माप आहे. आधीच्या हिशेबातल्या रिकाम्या, सहा सेकंदांच्या चर्चमध्ये उघड्या आवाजानं बोलणाऱ्यापासून जेमतेम सव्वा मीटरवर थेट शब्द आणि घुमारा यांची ताकद सारखी होते. त्यापुढं बसलेल्या प्रत्येकाला शब्दापेक्षा घुमारा जास्त मिळतो. भरलेल्या आणि फलक लावलेल्या चर्चमध्ये, चांगला दिशा धरणारा उभा स्पीकर असेल, तर हीच हद्द पाच मीटरच्या पुढं जाते. म्हणून पुढं एक जोडी आणि मध्यावर, उशीर दिलेली, कमी आवाजाची दुसरी जोडी ही मांडणी बहुतेक चर्चना पुरते.

माईक शिट्टी मारतो याचं कारण स्पीकरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो. इलाज साधे आहेत. माईक स्पीकरच्या पुढं नसावा. तोंड माईकपासून एक वीत अंतरावर असावं. अंतर निम्मं केलं तर ६ डेसिबल फुकट मिळतात. आणि जो बोलत नाही त्याचा माईक बंद असावा, कारण उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीची हद्द ३ डेसिबलनं जवळ येते. पेटीवाला, तबलजी, गाणारे चौघे, शास्त्रपाठ वाचणारा, पाळकसाहेब अशी आठ तोंडं एकदम उघडी असणं ही शिट्टीला दिलेली हाक आहे. सतत येणारी 'हूं' ही वेगळी बाब. ती वायरिंगची. आवाजाच्या यंत्रांना एकच अर्थिंग, पंखे-दिव्यांपासून वेगळी लाइन आणि माईकच्या तारा विजेच्या तारांपासून दूर, एवढं इलेक्ट्रिशियनकडून लिहून घेतलं की बहुतेक वेळा ती जाते. तारांच्या नळ्या भिंतीत गाडायच्या असतील तर त्या गिलाव्याच्या आधी, म्हणजे फलकांच्याही आधी टाकाव्या लागतात. म्हणून यंत्रं शेवटी विकत घ्यायची असली तरी ती कुठं बसणार, हे सुरुवातीलाच कागदावर असायला हवं. २०२० नंतर अनेक मंडळ्यांची उपासना मोबाइलवर जाऊ लागली आहे. त्यासाठी मिक्सरमधून वेगळी वाट काढावी. आणि वृद्ध सभासद पुष्कळ असतील तर ऐकण्याच्या यंत्रात थेट शब्द पोहोचवणारं तारेचं वेटोळं फरशीखाली टाकून घ्यावं. फरशी उखडलेली असताना त्याचा खर्च किरकोळ असतो.

काम सुरू करण्याआधी जसं आहे तसं मोजून, ध्वनिमुद्रित करून ठेवावं. याची किंमत पॅरिसला कळली. १५ एप्रिल २०१९ ला नोत्र-दाम कॅथेड्रल जळलं. तिथं ध्वनिसंशोधक ब्रायन कॅट्झ यांच्या चमूनं २०१५ मध्ये घुमाऱ्याची नीट मोजणी करून ठेवली होती. आगीनंतर पुन्हा मोजलं तेव्हा तो सुमारे वीस टक्क्यांनी घटलेला दिसला. छताला पडलेली भगदाडं त्याला कारण होती. ७ डिसेंबर २०२४ ला कॅथेड्रल पुन्हा उघडलं. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती दगडांच्या नकाशाबरोबर आवाजाचाही नकाशा होता. आपल्याकडे एवढी यंत्रं लागत नाहीत. एक फुगा मधोमध फोडून त्याचा आवाज चांगल्या फोनवर मुद्रित केला, तरी घुमाऱ्याचा काळ काढून देणारे अॅप मिळतात. चारही कोपऱ्यांत, माणसं असताना आणि नसताना, ही नोंद केलेली असावी.

बाहेरच्या भोंग्याचा प्रश्नही याच कामात निकालात काढावा. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयानं चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सांगितलं, की ध्वनिवर्धक लावूनच प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले आणि निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. आतला शब्द नीट कळू लागला की आवाज बाहेर फेकायची गरज आपोआप कमी होते. शेजारच्यांशी संबंध राखायलाही ते बरं.

ईस्टर आणि पहिला पाऊस यांच्यामध्ये साधारण दोन महिने मिळतात, तेवढ्यातच नळ्या, गिलावा, फलक, मग स्पीकर, या क्रमानं काम उरकावं लागतं. शेवटची चाचणी शब्बाथ शाळेच्या मुलांकडून करून घ्यावी. 'काना-खाना', 'ताट-थाट', 'देवानं-देवाला' अशा पन्नास शब्दांची यादी एकानं वेदीपासून, सावकाश, सारख्या आवाजात वाचायची आणि मुलांनी शेवटच्या तीन बाकांवर बसून ऐकलं तसं वहीत लिहायचं. कामाआधी हीच यादी घेतलेली असावी. शब्द तेच ठेवावेत, पण त्यांचा क्रम बदलावा, नाहीतर मुलं पाठ करून ठेवतात. डाव्या बाजूच्या वह्यांत चुका जास्त निघाल्या तर त्या बाजूच्या स्पीकरचं तोंड आधी फिरवून पाहावं, आणि तरीही फरक पडला नाही तर तिथल्या भिंतीवर आणखी दोन फलक चढवावेत.